नासर्डीचा काठ, वीस टक्के घरं आणि आमची घरपट्टी : नाशिकच्या नव्या महासभेला खुलं पत्र

मा. महापौर, स्थायी समितीचे सभापती व सदस्य आणि महासभेतले सर्व १२२ नगरसेवक,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, नाशिक

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या महासभेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं या शहराचा गाडा प्रशासकांनी ओढला. अंदाजपत्रक मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. घरात पाणी शिरलं की माजी नगरसेवकाला फोन करायचा आणि त्याने "आता माझ्या हातात काही नाही" म्हणायचं, असं चाललं होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ३१ प्रभागांतून तुम्हाला सभागृहात आणून बसवलं. आता हातात आहे, म्हणून हे पत्र.

नदी, घरं आणि पैसा असे तीन विषय मी यात घेणार आहे. महासभेच्या विषयपत्रिकेवर ते तीन वेगळ्या विभागांकडून, तीन वेगळ्या तारखांना येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नाशिकमध्ये हा विषय एकच आहे आणि तो तोडून घेतला की तिन्हीकडे पैसा वाया जातो. पटत नसेल तर नासर्डीच्या काठाने एकदा चालून बघा. गाडीतून नको.

नासर्डी, म्हणजे तुमच्या कागदांवरची नंदिनी, सातपूरच्या पलीकडच्या डोंगरांकडून येते, औद्योगिक वसाहतीला खेटून खाली उतरते, उंटवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाका करत पुणे रोडच्या पुलाखालून जाते आणि आगर टाकळीला गोदावरीला मिळते. याच टाकळीला समर्थ रामदासांनी नंदिनीच्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मठ अजून आहे. त्याच टाकळीत महापालिकेचं मलनिस्सारण केंद्रही आहे. आज त्या पाण्यात पाय घालायला कुणी धजत नाही, आणि केंद्र अपुरं पडतं एवढंच त्याचं कारण नाही. घाण केंद्रापर्यंत पोचावी लागते. जिथे मलवाहिका फुटल्या आहेत किंवा मुळात जोडण्याच दिलेल्या नाहीत, तिथलं सांडपाणी पावसाळी नाल्यात उतरतं आणि नाला नदीत. जे पाणी केंद्राच्या दारातच येत नाही, ते तिथली यंत्रं बदलून शुद्ध होणार नाही. तपोवन, टाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांची जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा आकडे येतात ते दशलक्ष लिटरचे. नदीत थेट उतरणारे नाले किती आणि त्यांतले किती बंद केले, हा आकडा मात्र कुणी मागत नाही. तो मागा.

पुणे रोडच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं की एका अंगाला आरसीसीची संरक्षक भिंत दिसते आणि तिला टेकून इमारतींची कंपाउंडं. दुसऱ्या अंगाला पत्र्याची घरं. मधल्या बाभळींच्या फांद्यांना मागच्या पावसाळ्यातल्या चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून लटकलेल्या असतात. त्या कुठल्या उंचीवर लटकल्या आहेत ते बघा आणि मग समोरच्या घरांच्या दाराची कडी किती उंचीवर आहे ते बघा. पूररेषा समजायला नकाशा लागत नाही.

नकाशाही आहेच म्हणा. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर शहरात पूररेषांचा विषय ऐरणीवर आला. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर. नियम स्वच्छ आहे. पण गोदावरीच्या पुराला निदान पूर्वसूचना असते. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते कळतं, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते अख्खं शहर विचारत असतं. नासर्डीवर धरण नाही. वरच्या डोंगरांवर तासभर जोराचा पाऊस पडला की ती खाली फुगते, आणि त्याच वेळी टाकळीला गोदावरी भरलेली असली तर नासर्डीचं पाणी पुढे सरकायला जागाच राहत नाही, ते मागे तुंबतं. वरचे डोंगर पोखरले गेले आणि कॉलन्यांमधली माती काँक्रीटखाली गेली, तेव्हापासून हे पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि एकदम येतं. कितीही उंच भिंत बांधली तरी भिंतीने पाणी कमी होत नाही, ते पलीकडच्या काठावर चढतं. पलीकडे कोण राहतं ते पुलावरून दिसतंच.

आता इथे आमच्याच बाजूच्या लोकांशी, म्हणजे झाडं-नद्या यांच्यासाठी बोलणाऱ्यांशी, माझं थोडं भांडण आहे. नदी वाचवायची म्हटलं की पहिलं बोट झोपडपट्टीकडे जातं. अतिक्रमण हटवा, काठ मोकळा करा, वॉकिंग ट्रॅक करा. निळ्या रेषेला चिकटून 'रिव्हर व्ह्यू' म्हणून विकल्या गेलेल्या फ्लॅटांकडे तेच बोट वळत नाही, कारण बोट दाखवणारे त्याच गॅलरीत उभे असतात. काठावरच्या पत्र्याच्या घरांत राहणारे लोक कुणी हौसेने पुरात राहत नाहीत. आसपासच्या कॉलन्यांत धुणीभांडी, बिगारी, भाजीची गाडी, सातपूर-अंबडला ठेकेदाराकडे कंत्राटी काम, असं त्यांचं पोट तिथे बांधलेलं आहे, आणि त्या कमाईत परवडेल असं भाडं त्या परिसरात फक्त नदीच्या काठावर मिळतं. त्यांना उठवलं तर ते वाघाडीच्या काठावर जातील. तिथून उठवलं तर वालदेवीच्या. शहरातली स्वस्तातली जमीन म्हणजे पुराची जमीन, असं गणित आपणच मांडून ठेवलंय.

हे गणित बदलण्याचं हत्यार तुमच्याच नगररचना विभागात पडलेलं आहे. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महानगरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करायचा तर वीस टक्के घरं किंवा प्लॉट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे आणि ते म्हाडामार्फत वाटायचे, हा नियम आहे. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या घरात होती. म्हणजे नियम आपल्याला लागू आहे, यात वाद नाही. वाद झाला तो अंमलबजावणीवर. २०२२ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजलं, चौकशीचे आदेश निघाले, आयुक्त बदलले गेले, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं छापून आली. पण किती प्रकल्पांना हा नियम लागला, किती घरं बांधून तयार झाली, किती म्हाडाकडे गेली आणि किती अजून अडकून आहेत, याची एक साधी, प्रभागवार, कुणालाही वाचता येईल अशी यादी महापालिकेच्या कुठल्या भिंतीवर लावलेली तुम्ही पाहिली आहे का? मी शोधली. आमच्या विभागीय कार्यालयात तरी नाही.

भूखंडाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकराच्या आत बसवायचा, वेगवेगळ्या नावांनी परवानगी घ्यायची आणि शेवटी एकाच गेटमधून सगळ्यांना आत सोडायचं, ही युक्ती शहरातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. नगररचना विभागाला ती दिसत नसेल तर त्यांना शेजारशेजारचे सर्व्हे नंबर एकत्र ठेवून बघायला सांगा. सगळे बिल्डर असं करतात, असं मी म्हणत नाही. नियम पाळून वीस टक्के घरं बांधणारेही आहेत, आणि खरा अन्याय त्यांच्यावर होतो. पाळणाऱ्याचा खर्च वाढतो, चुकवणाऱ्याचा फायदा.

कामगाराला परवडणारं घर बांधणं या शहराला अशक्य आहे, असंही नाही. आजचं नवीन नाशिक, म्हणजे सिडको, उभं राहिलं तेच मुळी त्यासाठी. पहिल्यापासून सहाव्या योजनेपर्यंत छोटी छोटी घरं, पुढे चार-सहा झाडांना जागा, आणि कारखाना सायकलच्या अंतरावर. आज त्याच घरांवर मजले चढलेत, गल्ल्या बुजल्यात, ते सगळं खरं. तरी त्या घरांनी एका पिढीला नदीच्या पुरापासून लांब ठेवलं. त्यानंतर केंद्राच्या योजनेतून घरकुलं आली. चुंचाळे, शिवाजीवाडी, वडाळा. त्यातून शिकायचं ते हे की काम पंचवटीत आणि घरकुल चुंचाळ्यात असलं तर माणूस घर भाड्याने देतो आणि पुन्हा नदीवर येतो. त्याला आपण 'लाभार्थ्याने घर विकलं' म्हणून शिव्या घालतो. रिक्षाचं येणं-जाणं रोजचं किती होतं, हे एकदा त्याच्या रोजातून वजा करून बघावं. वीस टक्क्यांच्या नियमाची खुबी हीच आहे की घर त्याच वस्तीत मिळतं. इंदिरानगरच्या प्रकल्पातलं घर इंदिरानगरमध्ये.

म्हणून माझी पहिली मागणी नदीसाठी आहे आणि ती घरांची आहे. नासर्डीच्या निळ्या रेषेच्या आत आज किती कुटुंबं राहतात, याची मोजणी करा. कारवाईसाठी नको, वाटपासाठी करा. दीड-दोन किलोमीटरच्या परिसरात वीस टक्क्यांतली जी घरं तयार आहेत किंवा व्हायची आहेत, त्यांत या कुटुंबांना प्राधान्य मिळावं, असा ठराव महासभेत करा आणि म्हाडा व शासनाकडे पाठवा. सोडतीचे नियम शासनाचे आहेत, हे मला कळतं. पण महासभेचा ठराव म्हणजे काही कमी वजनाचा कागद नव्हे, आणि मुंबईत तुमच्या पक्षांचं वजन किती आहे ते निवडणुकीत तुम्हीच आम्हाला सांगत होतात. घर दिल्याशिवाय काठ मोकळा करायचा नाही, हेही त्याच ठरावात यावं.

काठ मोकळा झाल्यावर तिथे काय करायचं यावरही बोलू, कारण आपल्याकडे मोकळ्या जागेचं काय होतं याचा अनुभव दांडगा आहे. कुठल्याही कॉलनीतल्या ओपन स्पेसवर जा. ले-आऊट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते. तिथे आधी कंपाउंड येतं, मग पेव्हर ब्लॉक, मग ग्रीन जिम, मग सभामंडपाचं शेड, मग हायमास्ट. कडेने नावाच्या पाट्या असलेले ट्री गार्ड. पाटीवरचं नाव वाचता येतं, आत झाड नसतं. जे जुनं लिंबाचं झाड असतं, त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर घट्ट बसवलेले, मुळांना पाणी जायला बोटभर फट नाही. पावसाळ्यात ते झाड कोसळलं की दुसऱ्या दिवशी 'धोकादायक वृक्ष' म्हणून आजूबाजूच्या आणखी दोघांवर नोटीस. हे काम आमदार निधीतून झालंय की नगरसेवक निधीतून, यावर मात्र दोन दोन फलक.

तर नदीच्या काठी हे नको. नदीची माती धरून ठेवायला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी ही आपली झाडं पुरेशी आहेत. त्यांना टाइल्स लागत नाहीत, दिवे लागत नाहीत. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं आणि गुरं-आगीपासून राखण लागते. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ पासून देवराई उभी केली, ती हौशी लोकांच्या श्रमावर आणि उन्हाळ्यातल्या टँकरवर उभी राहिली. तिकडच्या बोरगडाला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. म्हणजे हे कसं करायचं ते जाणणारी माणसं याच शहरात आहेत. ठेकेदाराला बॉटल पामचं कंत्राट देण्याआधी त्यांना राजीव गांधी भवनात चहाला बोलवा.

तपोवनाचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुढे जाणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, तिथल्या सुमारे १,८०० झाडांवर नोटिसा लागल्या आणि शहर रस्त्यावर उतरलं. शेकडो हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात आणि हरित लवादापुढे गेलं. भरपाई म्हणून राजमहेंद्रीहून मोठी झाडं आणून लावण्याचा धडाका झाला. गोदावरीच्याच खालच्या अंगाची ती झाडं, नात्याने लांबची नव्हेत. पण झाड आणणं ही एका दिवसाची बातमी असते आणि जगवणं ही सात वर्षांची नोकरी. हा आकडा माझा नाही. २०२१ मध्ये राज्याच्या झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं तितकी रोपं लावायची, त्यांचं जिओ टॅगिंग करायचं आणि सात वर्षं सांभाळायची. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं. सिंहस्थाला माझा विरोध नाही. साधू येणार, मुक्काम करणार, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान होणार, आणि बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांची सोय या गावाने नेहमीच केली आहे. पण सिंहस्थानंतरच्या सात उन्हाळ्यांचं पाणी कोण घालणार, हे आत्ता कुठल्या कागदावर लिहिलंय?

तो कागद म्हणजे अंदाजपत्रक. आणि इथे मी मुद्द्यावर येते.

आमच्या घरपट्टीच्या बिलात, सामान्य कर, मलनिस्सारण लाभ कर वगैरेंच्या रांगेत, वृक्षकराची एक ओळ असते. रक्कम छोटी, पण ती झाडांच्या नावाने घेतली जाते. माझ्या वडिलांनी भरली, मी भरते. त्या ओळीतून वर्षभरात किती जमा झाले, तोडीच्या परवानग्यांच्या अनामती किती आल्या, किती जप्त झाल्या, आणि त्यातून जुन्या लागवडीच्या देखभालीवर किती गेले, हे अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात एका पानावर, एकाखाली एक दिसायला हवं. सध्याची पद्धत अशी की वृक्षारोपण एका लेखाशीर्षात, उद्यानांचं सुशोभीकरण दुसऱ्यात, नदीकाठ तिसऱ्यात, पानवेली काढण्याचा ठेका चौथ्यात. वाचणारा दमतो. दमावा म्हणूनच तसं असतं की काय, अशी शंका येते.

नव्या कामाला पैसा आणि देखभालीला शून्य, ही महापालिकांची जुनी खोड आहे आणि नगरसेवक म्हणून तुमची अडचण मला समजते. मतदार रस्ता मागतो, ड्रेनेज मागतो, पथदिवे मागतो. तीन वर्षं जगलेल्या करंजाचं उद्घाटन करता येत नाही. तरीही स्थायी समितीत जेव्हा लागवडीचा कुठलाही प्रस्ताव येईल, तेव्हा त्याच प्रस्तावात सात वर्षांच्या देखभालीची रक्कम धरलेली नसेल तर तो परत पाठवा. एवढा एक नियम स्वतःला घालून घ्या. कमी झाडं लागतील. लागू देत.

अंदाजपत्रकात आणखी एक लेखाशीर्ष हवं. नासर्डी खोऱ्याचं. उगमाकडच्या हद्दीपासून टाकळीपर्यंत, नदीत उतरणारे नाले अडवणं, तुटलेल्या मलवाहिका जोडणं, काठाची लागवड आणि पूररेषेतल्या कुटुंबांच्या स्थलांतराचा खर्च, म्हणजे भाडं, सामानाची वाहतूक, पोरांच्या शाळेची बदली, हे सगळं त्या एकाच शीर्षाखाली. कारखान्यांच्या पाण्याचा प्रश्न औद्योगिक वसाहतीचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे, त्यात तुमचा हात पोचत नाही, हे खरं. पण पाणी तुमच्या हद्दीत शिरतं तिथे दर महिन्याला नमुना घेऊन निकाल जाहीर करायला तुम्हाला कोण अडवतंय? चारही बाजूंनी एकदम सुरुवात करा म्हणत नाही. वाघाडी, वालदेवी, कपिला रांगेत आहेतच. आधी एक नदी पूर्ण करा.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. हा अहवाल बहुतेक वेळा 'प्राप्त, नोंद घेतली' म्हणून कपाटात जातो. या वर्षी त्यावर विशेष सभा लावा, आणि त्याच सभेत नगररचना विभागाने वीस टक्के घरांची यादी मांडावी, लेखा विभागाने वृक्षकराचा हिशेब मांडावा. तिन्ही विभागांचे अधिकारी एकाच टेबलाला बसलेले या सभागृहाने क्वचितच पाहिले असतील. सभेची तारीख आठ दिवस आधी जाहीर करा आणि प्रेक्षक गॅलरी उघडी ठेवा. नासर्डीच्या दोन्ही काठांवरून लोक येतील. कामाचा दिवस बुडवून येणाऱ्यांसाठी सभा दुपारी तीननंतर ठेवलीत तर बरं होईल.

आपली,
इंदिरानगरमधील एक घरपट्टीधारक